गिरणीतलं शेवटचं प्रकरण

अण्णांचं हस्तलिखित हातात आलं की मी आधी त्याची पाठ वाचायचे. पुढं त्यांची कादंबरी असायची आणि पाठीवर कुणाचं तरी लग्न. आमच्या कवठे महांकाळला लग्नाचं आवतण चुकवणं म्हणजे जन्माचं वैर, त्यामुळं अण्णांकडं पत्रिकांचा तुटवडा कधी पडला नाही. एक बाजू कोरी असलेली पत्रिका दिसली की ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जायची. लोक कार्यालयातून विडा चघळत बाहेर पडायचे, अण्णा उरलेल्या पत्रिका घेऊन. त्यांच्या नायिकेचं पुढं काय झालं हे कळायच्या आधी मला शिराळ्याची कुठली मुलगी लोणंदला दिली ते कळायचं, आणि खरं सांगते, कधी कधी मला त्यातच जास्त रस असायचा.

मी तेव्हा नुकतीच बी.ए. होऊन घरी बसले होते. वडिलांनी मला स्टँडमागं मराठी टायपिंगचं दुकान टाकून दिलं. दुकानाची एक भिंत पिठाच्या गिरणीची होती. गिरणी सुरू झाली की माझं टेबल थरथरायचं आणि संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर ज्वारीच्या पिठाचा थर बसायचा. अण्णा माझं पहिलं गिऱ्हाईक. अक्षर असं की त्यांचं त्यांनाही लागत नसे. एखादा शब्द विचारायला गेलं तर चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत बसायचे आणि म्हणायचे, "चांगला शब्द असणार, पोरी. मी वाईट लिहीत नाही."

हायस्कुलात गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. दोन कादंबऱ्या, पाच-सहा नाटकं, आणि कानडीतून मराठीत आणलेली पुस्तकं वेगळी. आई जतकडची, घरात कानडी बोलणारी, म्हणून दोन्ही भाषा त्यांना लहानपणापासून सारख्याच. पहिल्या कादंबरीचं थोडं कौतुक झालं. दुसरी मी टाईप केली आणि तिच्याबद्दल कुणी चांगलं बोललं नाही, वाईटही बोललं नाही. शिव्या बसल्या असत्या तर त्यांनी सोसल्या असत्या. त्या गप्प बसण्यानं ते आतून खचले. स्वतःचं लिहिणं त्यांनी बंद केलं. कुणी विचारलं तर हसून म्हणायचे, "माझ्याजवळचं संपलं. आता दुसऱ्याचं वाहतो." ते हसायचे खरे, पण मला ते ऐकून राग यायचा. खिशात पत्रिका गोळा करायचं मात्र थांबलं नव्हतं.

नाटकाच्या बाबतीत त्यांचा आणखी एक नाद. प्रयोगाला ते शेवटच्या रांगेत बसायचे आणि लोक कुठं खोकतात ते वहीत टिपायचे. माणूस गुंतला की खोकायचं विसरतो, हा त्यांचा सिद्धान्त. सातारच्या एका स्पर्धेत त्यांचं नाटक होतं. पुढच्या रांगेत पांढऱ्या मिशांचे एक आजोबा पडदा वर गेल्यापासून खाली येईपर्यंत खोकत राहिले. अण्णा तोंड पाडून घरी आले आणि आठवड्याभरात त्यांनी निम्मं नाटक कापून टाकलं. मुख्य नटाला तीन वाक्यं उरली. तो माझ्या दुकानात येऊन माझ्यावरच डाफरला, जणू टाईप करताना मीच त्याची वाक्यं गिळली होती. पुढं साताऱ्याला त्याच नाटकाचा पुन्हा प्रयोग झाला. कापलेलं नाटक चांगलं रंगलं. बाहेर पडताना तेच आजोबा भेटले, तसेच खोकत.

"नाटक लय ग्वाड हाय बगा," ते म्हणाले. "पर मागल्या बारीला जास्त हुतं. आवंदा लवकर आटपलंसा. कुनी नट आजारी पडला काय?"

"आजोबा, आणि हा तुमचा खोकला?" अण्णांनी धीर करून विचारलं.

"ह्यो व्हय? ह्यो बिडीचा. तरणा हुतो तवापासनं हाय."

हा किस्सा अण्णा स्वतःच सांगायचे आणि सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. मात्र कापलेली वाक्यं त्यांनी परत घातली नाहीत.

स्वतःचं लिखाण कुणाच्या तरी लग्नाच्या पाठीवर लिहिणारा हा माणूस अनुवादाला मात्र रेघांची दोनशे पानी वही विकत आणायचा. वहीला कव्हर घालायचा, कव्हरावर मूळ लेखकाचं नाव मोठं आणि स्वतःचं बारीक. "अनुवादक म्हणजे हमाल," ते म्हणायचे. "पोतं ज्याचं त्याचं. त्यातलं मूठभर खायचं नाही अन् आपलं मूठभर घालायचंही नाही." एखादा कानडी शब्द नीट उतरला नाही तर दोन दोन दिवस जेवणावर वासना नसायची.

त्यांनी शेवटी हातात घेतलेली कादंबरी विजापूरकडच्या एका म्हाताऱ्या लेखिकेची होती. सगळे तिला अव्वा म्हणायचे. कादंबरी निंगव्वा नावाच्या बाईची, मेंढरं घेऊन गाव सोडून चालत राहणाऱ्या बाईची. सांगलीचा प्रकाशक तयार होता, पण अव्वांची अट होती: पूर्ण मराठी मजकूर वाचीन, मग परवानगीच्या कागदावर सही. त्यांना मराठी वाचता येत होतं, माहेर सोलापूरकडचं. अण्णांनी वर्षभर दुसरं काही केलं नाही. ते एकदाच बोलून गेले होते, "एवढं एक पुस्तक नीट पोचवलं तर लोक म्हणतील, लिहिता आलं नाही पण वाहता आलं."

तर हे पुस्तक गिरणीत कसं गेलं ते सांगते. अण्णा दळणाला नंबर लावून बसले होते, वही मांडीवर, ओठ हलत होते. शेजारी हिराआक्का बसल्या होत्या. धनगराच्या, साठीच्या पुढच्या. निम्मं आयुष्य मेंढरांमागं चाललेल्या आणि आता लेकाच्या डाळिंबाच्या बागेवर हुकूम चालवणाऱ्या.

"आवं, काय पुटपुटतायसा? जप करतायसा व्हय?" त्यांनी विचारलं. "मोठ्यानं म्हना की. आमालाबी पुण्य मिळूंद्या."

अण्णांनी वाचलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोवर आक्कांनी हात वर केला. "थांबा. नवजात कोकरू म्हंजी कोन? असलं कोकरू आमच्या कळपात कवा न्हवतं."

अण्णांनी तिथल्या तिथं ते खोडलं आणि त्या दिवसापासून त्यांना गिरणी सापडली. गिरणीचे मालक सुभेदार, लष्करातून निवृत्त. डबे एका रेषेत लावायचे आणि रांग मोडली तर दळण सगळ्यांच्या मागं टाकायचे. त्यांनी हुकूम काढला: दोन घाण्यांच्या मधी मोटरीला धा मिनटं रेस्ट. त्या दहा मिनिटांत अण्णांनी वाचायचं. बोलणाऱ्याला सुभेदार नुसते बघायचे, तेवढं पुरायचं. लोक एकदम दळण आणायचे ते थोडं थोडं आणायला लागले. हिराआक्का तर दिवसाआड एक छोटा डबा घेऊन हजर. त्यांच्या सुनेनं मला विचारलं, "सासूबाईंची भूक अचानक वाढली का हो?"

मी भिंतीपलीकडं टायपिंग थांबवून ऐकायचे. गिरणीचा आवाज बंद झाला की माझेही हात बंद व्हायचे. ते सगळं मी आधीच टाईप केलेलं असायचं, तरी ऐकायचे.

कादंबरी संपत आली. निंगव्वाचा पाय सुजलाय, अंगात ताप आहे, ती बाभळीखाली टेकलीय, इथं शेवटाच्या आधीचं प्रकरण संपलं. फक्त शेवटचं राहिलं. सुभेदारांनी मोटार सुरू करायला हात नेला आणि हिराआक्का म्हणाल्या, "अण्णा, मरत न्हाई न्हवं ती?"

अण्णांना माहीत होतं. निंगव्वा त्या बाभळीखालीच मरते, कळप पुढं निघून जातो, पुस्तक संपतं. ते उठले आणि दळण तिथंच ठेवून घरी गेले.

मग त्यांनी गिरणीकडं फिरकणंच सोडलं. लांबच्या गल्लीतून जायचे. घरातलं पीठ संपलं तेव्हा सांगलीहून पिशवीतलं तयार पीठ आणलं, आणि ते एसटीतून उतरताना नेमकी ती पिशवी सुभेदारांनी पाहिली. सुभेदार माझ्या दुकानात आले. चेहरा असा की जणू सरहद्दीवर काही घडलंय. "पाकिटातलं पीठ," ते म्हणाले. "आपला मानूस असून पाकिटातलं पीठ. गद्दारी हाय ही. सीधा गद्दारी."

पंधरा दिवसांनी अण्णा आले. हातात वही नव्हती. सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून त्यांनी वाचलं, मान वर न करता. बाभळीखाली निंगव्वाचा ताप उतरतो. मेंढरं तिच्याभोवती बसून राहिलेली असतात. ती काठी धरून उठते आणि चालायला लागते. वाचन संपलं तेव्हा गिरणीत जत्रेसारखा गलका झाला. हिराआक्का दुसऱ्या दिवशी गूळ-शेंगदाणे घेऊन आल्या आणि त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना वाटले. मलाही भिंतीला वळसा घालून आणून दिले. अण्णांनी हातावर घेतले, पण खाल्ले नाहीत.

त्यानंतर लगेच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सांगलीच्या दवाखान्यातून, डोळ्यावर पट्टी बांधलेली असताना, त्यांनी मला फोन केला. "बाकीची प्रकरणं अव्वांकडं पोचलीत, शेवटचं घरात टेबलावर आहे. टाईप करून अव्वांच्या पत्त्यावर पाठवून दे. मी आता काही वाचू शकत नाही." मी किल्ली घेऊन गेले. टेबलावर पत्रिकांचा गठ्ठा होता, वर पितळी तांब्या ठेवलेला. पाठीवर निंगव्वा काठी धरून उठत होती. रेघांची वही त्याच टेबलाच्या खणात होती. मी खण उघडला नाही.

आता खरं ते सांगते. पत्रिका बघून माझ्या मनात पाल चुकचुकली होती. अनुवाद वहीत आणि स्वतःचं पत्रिकेवर, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? पण निंगव्वा उठून चालली होती, आणि मला ते हवं होतं. मी ते टाईप केलं आणि पाठवून दिलं.

अण्णा घरी आले आणि चौथ्या दिवशी अव्वांचा फोन आला. मी तिथंच होते, त्यांना डोळ्यात औषध घालायला. फोन स्पीकरवर होता. आवाज बारीक, पण पक्का.

"माझी निंगव्वा मेलेली आहे," अव्वा म्हणाल्या. "तुमच्याकडं जिवंत कशी झाली?"

मी खुणेनं सांगत होते, माझं नाव सांगा, माझं नाव सांगा. अण्णांनी माझ्याकडं पाठ केली.

"चूक माझी आहे, अव्वा. ते मीच लिहिलं. खरं प्रकरण वहीत आहे."

"सही मी करत नाही," अव्वा म्हणाल्या. "आधी येऊन बघते, हे कुठं झालं ते. गुरुवारी येते."

फोन ठेवल्यावर मी रडायला लागले. म्हटलं, "अण्णा, पत्रिका बघून मला कळलं होतं." त्यांनी औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मला माहीताय, पोरी. लिहिताना मलाही कळलं होतं."

गुरुवारी अव्वा आल्या. एवढ्याशा, काठी टेकत, इरकली लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. अण्णांनी घरी चहा-पोह्यांची तयारी केली होती. अव्वांनी उंबऱ्यातच विचारलं, "वाचता कुठं?" आणि थेट गिरणीत येऊन बाकड्यावर बसल्या, अण्णांनी दाखवलेल्या हिराआक्कांच्या शेजारी. सुभेदारांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि मोटार बंद केली. रांगेतल्या एकानंही दळणाचं नाव काढलं नाही.

"खरं प्रकरण वाचा," अव्वा म्हणाल्या. "हिच्यासमोर वाचा."

अण्णांनी वही उघडली. नव्या डोळ्यानं आता नीट दिसत होतं. त्यांनी एक अक्षर न वगळता वाचलं. निंगव्वा बाभळीखाली मेली. कळप पुढं गेला. त्यांनी वही मिटली. अण्णा हिराआक्कांकडं वळून म्हणाले, "आक्का, मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं होतं."

आक्कांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या अव्वांकडं वळल्या. "तुमी लिवलंसा व्हय हे? का मारलीसा तिला? पाय सुजला म्हनून कुनी मरतं? माझा पाय म्हसवडच्या वाटंला असा सुजला हुता. पाला बांधला अन् चालले. आनि मेंढरं अशी सोडून जात न्हाईत. बाई खाली बसली की मेंढरं बसत्यात. तुमाला ठावं न्हाई तर इचारायचं हुतं कुनाला तरी."

सही तर गेलीच, आता अपमानही झाला, असं वाटलं. अव्वा आक्कांकडं टक लावून बघत होत्या. मग त्यांनी एकच शब्द विचारला, कानडीत.

"मुंद?"

आमच्या बाजूला तो सगळ्यांनाच कळतो. म्होरं काय झालं? आक्कांनी पदर खोचला आणि सांगायला सुरुवात केली. पाला कसला होता, चौथ्या दिवशी कुणाच्या वाडीत ताक मिळालं, काठी मोडली तेव्हा काय केलं. जरा थांबल्या की अव्वा म्हणायच्या, "मुंद?" सुभेदारांनाही राहवलं नाही, त्यांनी मधेच बर्फातला किस्सा घुसवला. आक्का म्हणाल्या, "तुमी गप ऱ्हावा, तुमाला सरकारी बूट हुतं." दुपार टळून गेली. त्या दिवशी कवठे महांकाळात निम्म्या घरांत भात झाला असणार.

निघताना अव्वांनी परवानगीचा कागद मागितला. बाकड्यावरच सही केली. कागदावर त्यांच्या बोटांचे पिठाचे ठसे उमटले. "माझ्या पुस्तकात माझी निंगव्वा मरणार," त्या म्हणाल्या. "ते वहीतलं छापा. एक अक्षर हललं नाही, छलो, चांगलं झालंय." मग पिशवीतून मी टाईप करून पाठवलेली ती खोटी पानं काढून त्यांनी अण्णांच्या हातात दिली. "आणि ही बाई माझी नाही. उठून चालणारी. ही तुमची आहे. माझ्या नावावर का खपवता? पुढं लिहा की."

अण्णा हायस्कुलातल्या नापास पोरासारखे मान खाली घालून उभे होते. गाडी गेली तरी उभे होते. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक पत्रिका काढून तिची पाठ बघितली. आनंदानं मी ओरडायचीच बाकी होते.

ती कादंबरी त्यांनी दोन वर्षांत लिहिली. दळणाच्या रांगेत बसून, हिराआक्कांना विचारत, पत्रिकेमागून पत्रिका. बाईचं नाव निंगव्वा नाही. तेवढ्या काळात तालुक्यात किती लग्नं झाली ते मला तोंडपाठ आहे, कारण त्यातलं शेवटचं माझंच होतं, आणि माझ्या पत्रिकेच्या पाठीवर ती बाई बाभळीखालून उठते. सासरी सांगलीला जाण्यापूर्वी मी टाईप केलेलं शेवटचं पान ते. कादंबरी लोकांनी वाचली, भांडून वाचली. अण्णांना पत्रं आली, त्यात चार शिव्यांचीही होती. ती त्यांनी काचेखाली लावलीत.

गेल्या दिवाळीत मी माहेरी गेले आणि चकलीची भाजणी दळायचं निमित्त काढून गिरणीत शिरले. सगळे होते. मोटार बंद होती आणि दहा मिनिटांचा रेस्ट चालू होता, पण अण्णा वाचत नव्हते. ते बाकड्याच्या टोकाला घाबरून बसले होते. मधोमध सुभेदारांचा मोबाइल स्पीकरवर ठेवलेला आणि त्यातून अव्वांचा बारीक आवाज येत होता, कानडीतून. सुभेदारांनी माझ्या कानात सांगितलं, "म्हातारी अण्णांची कादंबरी कानडीत नेतीया. वाचून दावतीया."

वाचन थांबलं. फोनमधून अव्वा मराठीत म्हणाल्या, "शेवटच्या प्रकरणाला आलेय. हे मला जरा पटत नाही. थोडं बदलू का?"

अण्णा बाकड्यावरून ताडकन उठले. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. "अव्वा, एक अक्षर हलवायचं नाही! अनुवादक म्हणजे हमाल!"

गिरणी खदखदून हसली. सुभेदारसुद्धा हसले. हिराआक्कांनी फोन उचलला, तोंडाजवळ धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "अव्वा, तुमी बिनघोर बदला. छापायच्या आधी फकस्त हितं वाचून दावा."

मग त्यांनी फोन सुभेदारांना परत दिला, सुभेदारांनी घड्याळ बघितलं आणि मोटार सुरू केली.